व्हॅस्क्युलायटिसमध्ये पायांना सूज: एकच पाय वाढला तर डॉप्लर आधी

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "आईचं वय ५४. गेल्या पावसाळ्यात तिला जीपीए नावाचा व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) असल्याचं निदान झालं. किडनीवरही थोडा परिणाम आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि बीपीची गोळी चालू आहे, रिटुक्सिमॅबची सलाइनंही झाली. महिनाभर दोन्ही पायांवर सूज आहे, पण चार दिवसांपासून डावा पाय जास्त सुजलाय आणि पोटरी दुखते. आई घरी बसून विड्या वळते. नातेवाईक म्हणतात, ही स्टेरॉइडची सूज आहे, गोळी बंद करा आणि तेल लावून मालिश करा. रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का? दाबाचे पायमोजे घालावेत का?"

ताई, सविस्तर लिहिते आहे, पण ते नंतर सावकाश वाचा. आधी आजच्या आज आईंच्या डाव्या पायाचा डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. सोमवारच्या ओपीडीला दाखवू, सणानंतर बघू, असं करू नका. सिव्हिलला जा किंवा सोनोग्राफीची सोय असलेल्या जवळच्या कुठल्याही रुग्णालयात जा. तिथे पोचल्यावर पहिलंच वाक्य हे सांगा: "हिला व्हॅस्क्युलायटिस आहे, स्टेरॉइड चालू आहे आणि चार दिवसांत एकच पाय वाढलाय." एवढं ऐकलं की समोरच्या डॉक्टरांच्या मनात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका सगळ्यात आधी येते. नुसतं "पाय सुजलेत" म्हणालात तर लघवीची गोळी घेऊन घरी परत याल. मालिश अजिबात नको. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. मधल्या वेळात आईंना अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचायला लागलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन त्या पडल्या, तर डॉप्लरचं नंतर बघू, सरळ १०८ ला फोन करा.

आता एवढी घाई कशासाठी, ते सांगते.

शिरेत रक्त गोठायला तीन गोष्टी कारण होतात: रक्ताचा वेग मंदावणं, वाहिनीचं आतलं अस्तर खराब होणं आणि रक्तच गोठायला उतावीळ होणं. रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी १८५६ च्या सुमारास यावर मूळ काम केलं आणि आजही आम्ही रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून हेच तीन मुद्दे तपासतो. चारचौघांत यातलं एखादं कारण असतं. व्हॅस्क्युलायटिसच्या रुग्णाला तिन्ही एकदम असू शकतात. आजार म्हणजेच वाहिन्यांच्या भिंतीचा दाह, त्यामुळे अस्तर दुखावलेलं असतंच. दाह चालू असताना यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त तयार करतं. किडनीतून लघवीवाटे प्रथिनं जात असतील तर रक्त गोठू न देणारी प्रथिनंही त्यांच्यासोबत निघून जातात. त्यात थकव्यामुळे चालणं-फिरणं कमी झालेलं, वजन वाढलेलं आणि स्टेरॉइडचा स्वतःचाही थोडा वाटा.

२००५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तुमच्या आईंच्याच आजाराच्या, म्हणजे तेव्हा ज्याला वेगेनर्स म्हणत त्या आजाराच्या, १८० रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. वर्षाला दर १०० रुग्णांमागे साधारण ७ जणांना शिरेत गुठळी झाल्याचं दिसलं. एरवी लोकांमध्ये हे प्रमाण वर्षाला हजारी एक-दोन असतं. आणि मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: बहुतेक गुठळ्या रोग पेटलेला असताना किंवा त्याच्या आगेमागेच झाल्या होत्या. निदानानंतरचे पहिले काही महिने आणि रोग उलटतो तो काळ, हे दोन धोक्याचे. आई आत्ता अशाच काळात आहेत.

म्हणूनच नातेवाइकांच्या सल्ल्यातला "स्टेरॉइड बंद करा" हा भाग मला मालिशपेक्षाही जास्त घातक वाटतो. गुठळीचं मूळ दाहात आहे आणि तो दाह शमवणारी औषधं म्हणजे प्रेडनिसोलोन आणि रिटुक्सिमॅब. सूज दिसली म्हणून ती थांबवली तर वाहिन्यांचा दाह पुन्हा भडकेल, किडनी आणखी दबेल, सूजही वाढेल आणि गुठळीचा धोकाही. शिवाय काही आठवडे रोज स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. गोळी एकदम तोडली तर बीपी कोसळतं, उलट्या होतात, माणूस गळून जातो. स्टेरॉइड कमी करायचंच असतं, पण पायरी-पायरीने आणि तुमच्या डॉक्टरांच्या हातून. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेक्सिव्हास नावाच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की सुरुवातीपासून स्टेरॉइड भराभर उतरवत नेलं तरी रोग तितकाच काबूत राहतो आणि जंतुसंसर्ग कमी होतात. तेव्हा "डोस कधी, किती उतरवणार" हे डॉक्टरांना जरूर विचारा. तो तुमचा हक्कच आहे.

दोन्ही पायांवर महिनाभर असलेली सूज ही वेगळी गोष्ट आहे. तिच्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून हळूहळू भरत असेल तर ते साठलेलं पाणी. आता कारणं शोधायची. पहिलं काम म्हणजे बीपीच्या गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचणं. अॅम्लोडिपिन असेल तर घोट्याभोवतीची सूज त्या गोळीचीही असू शकते. ही सूज लघवीच्या गोळीने नीट उतरत नाही. डोस कमी करावा लागतो किंवा गोळी बदलावी लागते. दोन-दोन महिने लॅसिक्स ही लघवीची गोळी घेऊन तोंड कोरडं पडलेले, अंगातलं पाणी आटलेले आणि पाय तसेच सुजलेले रुग्ण माझ्याकडे येतात. अंगातलं पाणी आटणं हेही गुठळीला आमंत्रणच असतं. अर्थात लघवीची गोळी वाईट नाही. किडनी किंवा हृदयामुळे पाणी साठलं असेल तर तीच कामाची. फक्त कारण ठरल्यावर ती द्यायची.

दुसरं काम लघवी बघणं. कमोडमध्ये किंवा बादलीत साबणासारखा फेस येतो आणि बराच वेळ तसाच राहतो का? लघवीचा रंग चहासारखा झालाय का? सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगवटा असतो का? असेल तर किडनीतून प्रथिनं किंवा रक्त जातंय, अशी शंका घ्यायची. लघवीची साधी तपासणी, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), एवढ्या तपासण्या याच आठवड्यात व्हायला हव्यात. अल्ब्युमिन २.५ च्या खाली गेलं असेल तर सुजेचं कारण तर कळतंच, पण गुठळीची भीतीही वाढते. तुमच्या आईंच्या आजारात अल्ब्युमिन एवढं खाली जाणं रोजचं नाही, पण होऊ शकतं. गुठळी सापडली तर त्याच दिवशी लघवीही तपासा, असं मी नेहमी सांगते, कारण कधी कधी रोग उलटल्याची पहिली खूण पायातली गुठळीच असते.

स्टेरॉइडने मीठ-पाणी धरलं जातं हे खरं, पण ती सूज दोन्ही पायांवर सारखी असते. चेहरा गोल होतो तो चरबीमुळे, पाण्यामुळे नव्हे. हृदयावर ताण असेल तर उताणं झोपल्यावर दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊन तिथून जंतू शिरले तर पाय लाल, गरम होतो, हुडहुडी भरते. स्टेरॉइडवरच्या माणसाला ताप मात्र कमीच दिसतो, म्हणून ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आणि आपल्या जिल्ह्यात हत्तीरोगही आहे. जुनी, कातडी जाड झालेली, दाबल्यावर खड्डा न पडणारी सूज असेल तर त्याचाही विचार करावा लागतो. पण चार दिवसांत वाढलेल्या सुजेला हत्तीरोग म्हणून सोडून द्यायचं नाही.

घरी एक गोष्ट आजपासूनच सुरू करा. शिंप्याकडे असते ती कापडी टेप घ्या. गुडघ्याच्या खाली समोरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली, दोन्ही पायांवर बॉलपेनने खूण करा. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी त्या खुणेवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. टेप कातडीत रुतेल इतकी ओढू नका. दोन पायांतला फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर गुठळीच्या बाजूने तो पक्का मुद्दा धरला जातो. फरक कमी असूनही शिरेच्या रेषेत दाबल्यावर दुखत असेल तरी डॉप्लर करायचाच. सोबत वजनही लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणीच असतं. हे कॅलेंडर तपासणीला घेऊन आलेला रुग्ण मला अर्धं निदान हातात आणून देतो.

डॉप्लरबद्दल थोडं. कोणी "आधी डी-डायमर (गुठळीचा संशय आल्यावर करतात ती रक्ततपासणी) करू" म्हणालं तर विनंती करा की सरळ डॉप्लर करा. डी-डायमर कुठल्याही दाहात वाढलेलं असतं, त्यामुळे व्हॅस्क्युलायटिसच्या रुग्णात ते वाढलेलं आलं तरी आपण होतो तिथेच राहतो. डॉप्लर मांडीपासून पोटरीपर्यंत, शीर जागोजागी दाबून बघून व्हायला हवा. निरोगी शीर प्रोबने दाबली की मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. पहिला डॉप्लर चांगला आला आणि पाय तरीही वाढतच असेल तर आठवड्याभरात पुन्हा करा. पोटरीतली छोटी गुठळी तेवढ्या वेळात वर सरकून दिसू लागते. मांडीसकट सगळा पाय सुजला असेल तर ओटीपोटातल्या शिरांकडेही बघावं लागतं. त्या साध्या डॉप्लरमध्ये नीट दिसत नाहीत. डाव्या बाजूची ओटीपोटातली शीर एका धमनीखालून जाते, म्हणून गुठळी डाव्या पायात थोडी जास्त आढळते.

गुठळी निघालीच तर घाबरून जाऊ नका. तिला उपचार आहे आणि तो वेळेत झाला तर बहुतेक जण नीट होतात. गोळ्या-इंजेक्शनं गुठळी विरघळवत नाहीत, ती वाढू देत नाहीत, आणि विरघळवण्याचं काम शरीर करतं. कोणतं औषध, हे मुख्यतः किडनीवर ठरतं. किडनी बरी असेल तर अॅपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळ्या सोयीच्या पडतात, सारखं रक्त तपासावं लागत नाही. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० ची गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती पुरेशी लागू होत नाही. एकादशी असेल तर फराळासोबत घ्या, पण चुकवू नका. किडनी बरीच दबली असेल तर दवाखान्यात हेपॅरिन आणि मग वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम, हा जुना मार्ग धरावा लागतो. त्यात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो.

या जुन्या गोळ्यांवर असताना एक गोष्ट फार जपावी लागते आणि ती व्हॅस्क्युलायटिसच्या रुग्णाला हटकून लागू पडते. फुफ्फुसाचा एक विशिष्ट जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आम्ही बऱ्याच जणांना कोट्रायमोक्साझोल देतो, सेप्ट्रान नावाने ती मिळते. ती वॉरफरिनसोबत आली की आयएनआर काही दिवसांत दुप्पट होऊ शकतो आणि रक्तस्राव होतो. तोंडातल्या बुरशीसाठीच्या फ्लुकोनाझोलचंही तसंच. उलट अॅझाथायोप्रिन ही दाह शमवणारी गोळी सुरू केली तर वॉरफरिनचा जोर कमी पडतो. म्हणून कुठलीही गोळी नवी सुरू झाली किंवा बंद झाली की चार-पाच दिवसांत आयएनआर. मेथी, पालक, शेपू बंद करायची गरज नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं नको.

रक्त पातळ करणारं कुठलंही औषध चालू असताना अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम घ्यायचं नाही. पोटात रक्तस्राव होतो आणि किडनीही बिघडते. पॅरासिटामॉल चालते, तीही रोज लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण तिच्यानेही आयएनआर चढतो. गल्लीतल्या दवाखान्यात कंबरेला सुई मारून घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती या काळात पूर्ण बंद. स्नायूत रक्त साकळून टेंगूळ येतं, आठवडाभर बसता येत नाही. दात काढायचा असेल तर आधी विचारा. शौचाला डांबरासारखी काळी झाली, डोक्याला मार लागला, तर लगेच दवाखाना. सुजेसाठी जळवा लावून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडून नकार द्या. रक्त पातळ आणि प्रतिकारशक्ती दबलेली असताना जखम वाहतही राहते आणि तिच्यात जंतूही शिरतात.

औषध किमान तीन महिने चालतं. पुढे थांबवायचं की नाही, हे रोग शांत झालाय का, यावर ठरतं. मात्र रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे रक्त गोठायला उतावीळ करणारी प्रथिनं, सापडल्या तर हिशेब बदलतो. त्यांची तपासणी १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात, आणि त्या पक्क्या असतील तर नव्या गोळ्यांपेक्षा वॉरफरिनच भरवशाचं ठरतं. २०१८ मध्ये तीनही अँटिबॉडी असलेल्या रुग्णांवर झालेला रिव्हारोक्साबॅनचा अभ्यास, त्या गटात पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके जास्त आल्यामुळे मुदतीआधी थांबवावा लागला होता.

आता तुमचा थेट प्रश्न: गुठळी नसेल तर काळजी म्हणून रक्त पातळ करायची गोळी आधीच सुरू करावी का? सरसकट नाही. या आजाराचा दुसरा चेहरा रक्तस्रावाचा आहे. जीपीएमध्ये फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्या फुटून आतल्या आत रक्त साठू शकतं. दम लागणं आणि खोकल्यातून रक्त येणं ही लक्षणं फुफ्फुसात गुठळी अडकल्यावरही दिसतात आणि फुफ्फुसात रक्तस्राव झाल्यावरही. एकात रक्त पातळ करणं जीव वाचवतं, दुसऱ्यात तेच जीव घेऊ शकतं. घरी बसून हा फरक कोणालाच कळत नाही. मलाही छातीचा सीटी अँजिओ आणि हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून शेजाऱ्यांकडे पडलेली इकोस्प्रिन (अॅस्पिरिन) किंवा उरलेली कुठलीही गोळी "असू दे, चांगली असते" म्हणून देऊ नका. इकोस्प्रिन पायाच्या शिरेतल्या गुठळीवरचा उपचार नव्हेच. दवाखान्यात भरती झाल्यावर मात्र पोटाच्या कातडीखाली हेपॅरिनचं छोटं इंजेक्शन बहुतेकांना द्यायला हवं. डॉक्टर विसरले असतील तर तुम्ही आठवण करा. अल्ब्युमिन खूपच खाली असेल तर प्रतिबंधाची गोळी द्यायची का, याचा निर्णय किडनीतज्ज्ञ आणि आम्ही मिळून घेतो.

इथे एका तरुणाबद्दल सांगते, कारण हे वाचणाऱ्या इतर कुणाच्या तरी उपयोगी पडेल. यंत्रमागावर काम करणारा, तिशीच्या आतला. पायात गुठळी झाली, औषध चालू असताना पुन्हा झाली. उभं राहून काम करतो म्हणून होतं, असं घरच्यांनी धरून चाललं होतं. तोंड येतं का विचारल्यावर म्हणाला, लहानपणापासून, दर महिन्याला. जांघेतही फोड येऊन गेले होते, एकदा डोळा लाल होऊन धूसर झाला होता. तो बेहसेट नावाचा व्हॅस्क्युलायटिस होता. त्यात गुठळी शिरेच्या दाहामुळेच होते आणि भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे मुख्य उपचार स्टेरॉइड आणि अॅझाथायोप्रिनसारखी दाह शमवणारी औषधं. रक्त पातळ करण्याआधी फुफ्फुसातल्या धमनीला फुगा आलेला नाही ना, हे बघावंच लागतं, कारण तो फुटला तर रक्तस्राव आवरत नाही. तरुण माणसात विनाकारण गुठळी दिसली की मी तोंड येण्याबद्दल विचारल्याशिवाय सोडत नाही.

बायकांसाठी आणखी एक. गौरी-गणपती, लग्नकार्य किंवा देवदर्शनासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे मेडिकलमधून सहज आणली जाते. त्या डोसमधल्या नॉरएथिस्टेरोनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढतो. व्हॅस्क्युलायटिस किंवा ल्युपस असलेल्या मुलींनी, सुनांनी ती घेऊ नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही नकोत. तुमच्या आईंचा प्रश्न नसेल, पण घरात असा आजार असलेली कोणी तरुण बाई असेल तर तिला नक्की सांगा.

पायमोजे. गुठळी झाल्यावर दाबाचे मोजे घातले की पुढे पाय कायमचा जड, काळपट होत नाही, असं पूर्वी आम्ही सगळ्यांना सांगायचो. २०१४ मध्ये आठशेहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला, त्यात खरे मोजे आणि दाब नसलेले मोजे यांत फरक पडला नाही. त्यामुळे आता मी मोजे आरामासाठी देते: घालून पाय हलका वाटत असेल तर घाला, नाही तर सक्ती नाही. पण व्हॅस्क्युलायटिसमध्ये त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पायाच्या धमन्यांत रक्त नीट पोचतंय का? घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून हे कळतं. रक्त कमी पोचत असेल तर घट्ट मोजा पायाचं नुकसान करतो. आणि पायाला संवेदना देणाऱ्या नसा शाबूत आहेत का? चालताना चप्पल पायातून निसटते आणि आईंना ते चार पावलं गेल्यावर कळतं, असं होतं का? तसं असेल तर मोज्याची वळी कातडीत रुतून जखम झाली तरी त्यांना समजणार नाही. पायांवर जांभळे पुरळ किंवा उघडी जखम असेल तरी थांबा. हे सगळं ठीक असेल तर सकाळी, सूज चढायच्या आधी माप देऊन, गुडघ्यापर्यंतचे २० ते ३० मिलिमीटर दाबाचे घ्या. रात्री काढायचे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, दिवसभर ते घालवत नाहीत हे मला माहीत आहे. तेव्हा दुपारी काढून पाय उंच करून पडलं तरी चालेल. उंच म्हणजे हृदयापेक्षा वर, नुसतं स्टुलावर ठेवणं पुरत नाही. खाटेच्या पायथ्याच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवली की रात्रभराचं काम होतं. अर्थात उताणं झोपल्यावर दम लागत असेल तर हे करू नका.

विड्यांचं काम. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसलं की गुडघा आणि जांघ दोन्हीकडे शीर दुमडते आणि पोटरीचे स्नायू, जे रक्त वर ढकलतात, ते थंड पडतात. डॉप्लर होऊन उपचार ठरेपर्यंत काम बंद ठेवा. पुढे सुरू केलंत तर खाली न बसता खुर्चीवर, सूप समोर टेबलावर घेऊन. एक बंडल बांधून झालं की उठायचं, दारापर्यंत जाऊन यायचं. बसल्याजागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलत राहायचं. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे उठणं परवडत नाही, हे बायका मला सांगतात आणि ते खोटं नाही. पण घरातल्या कुणीतरी पानं कापून देणं, बंडल बांधणं हे वाटून घेतलं तर जमतं. तंबाखूची धूळ आणि मिश्री, दोन्हींपासून आईंना लांब ठेवा. गुठळीवरचं औषध सुरू झाल्यावर, दम लागत नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की चालणं चांगलंच. अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नसते. पुण्याला दाखवायला नेणार असाल तर रेल्वेत कडेची सीट घ्या, तासाभराने डब्यातून एक फेरी मारायला लावा.

खाण्यात मीठ हाच मोठा मुद्दा. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. आपली ज्वारीची भाकरी मिठाशिवाय होते, हे आपलं भाग्य. तिच्यासोबतची शेंगाचटणी, लोणचं, पापड आणि संध्याकाळचं फरसाण यांतच दिवसाचं मीठ संपतं. चटणी बिनमिठाची, लसूण आणि तिखट वाढवून घरी कुटा. दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं ते मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि दबलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. पाणी मनाने तोडू नका. किडनीच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तरच मोजून प्या. उन्हाळ्यात निर्जळी उपवास आईंनी या वर्षी करू नये.

डॉप्लरला जाताना आजाराची फाइल, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. गुठळी निघाली तर रक्त पातळ करायचं औषध तिथेच, त्याच दिवशी सुरू करून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर जोडून द्या. नाही निघाली तर अॅम्लोडिपिन, लघवी आणि अल्ब्युमिन, या क्रमाने शोध सुरू करा आणि पोटरीचं माप रोज लिहीत राहा. रिपोर्ट आले की अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनाचे आकडे कळवा, म्हणजे पुढचं त्यावरून सांगता येईल.